दीड वीत कापड

माझ्या आईचे वडील, पुंडलिकराव, राळेगाव तालुक्यातल्या एका लहान गावात राहायचे. आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो. माणूस उंच, काटक, आवाज असा की शेताच्या धुऱ्यावरून हाक मारली तर दोन वावरं पलीकडची माणसं मान वर करून बघायची. कापूस ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायची, डोळ्यांसमोर न्यायची, आणि हा नाल्याकडच्या वावरातला, हा दुसऱ्या वेच्याचा, याला फुटल्यावर पाणी लागलं, असं सगळं सांगून टाकायचे. गावातली माणसं गाडी भरायच्या आधी कापूस दाखवायला त्यांच्याकडे यायची.

दोन हजार सहा सालच्या होळीच्या आसपास त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणं आठ दिवसांत सुधारलं, पायही चालायला लागला, पण डावा हात तसाच राहिला. हलायचा, मात्र पकड नव्हती. चहाचा कप त्या हातात दिला की बशीत निम्मा चहा. शेतीचं सगळं कमलाकरमामाने अंगावर घेतलं. आबाजी ओसरीवरच्या बाजेवर बसून राहू लागले. कोणी कापूस घेऊन आलं तर म्हणायचे, "कमलाकरले दाखव. मले आता दोन हात लागते त्याले."

त्या सालात आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि कशासाठी यायचं ते घरातल्या मोठ्यांना माहीत होतं. दिवाळीच्या सुट्टीत मला गावी सोडताना आईने एसटीत दोनदा बजावलं, "कापसाच्या भावाबद्दल कोणाला विचारायचं नाही. आणि आबाजींच्या हाताकडे टक लावून बघायचं नाही." आई यवतमाळला कचेरीत नोकरीला, तिला तिसऱ्याच दिवशी परतायचं होतं. मी अकरा वर्षांची, सहावीत. दप्तरात शाळेने दिलेला एक छापील कागद होता: सुट्टीत आजी किंवा आजोबांसोबत मिळून एक वस्तू तयार करा. वस्तू दोघांच्या हातची असावी. खाली बाईंनी मदतीला नमुने दिले होते.

आई गेली त्या सकाळी मी कागद घेऊन बाजेच्या कडेला बसले.

"आबाजी, आइस्क्रीमच्या काड्यांचं पेनस्टँड करायचं का?"

"इतकं आइस्क्रीम खाईन कोण? आन इथं भेटते कुठं?"

"जुन्या सीडीचं शोपीस?"

"शोपीस म्हंजे काय काम करते थे?"

"काम नाही करत. भिंतीवर लावायचं."

"मंग जाऊ दे."

कागदाची फुलंही त्यांना पटली नाहीत. परसात झेंडू एवढा माजला असताना कागदाला कायले त्रास द्यायचा, म्हणाले. मला रडू यायला लागलं होतं. माझी मैत्रीण आभा तिच्या आजीबरोबर मोत्यांचं तोरण करणार होती आणि तिने मणी आधीच आणून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी आबाजी स्वतःच म्हणाले, "चाल, तुले भिंगरी करून देतो. लाकडाची. तुह्या मायले करून देल्ती." मामाचा चाकू आणला, सागाचा एक तुकडा शोधला. लाकूड डाव्या हातात धरलं आणि उजव्याने चाकू लावला. लाकूड निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. मी म्हटलं, "मी धरते ना." तर चाकू माझ्या बोटाला लागेल म्हणून त्यांनी धरू दिलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी लाकूड गुडघ्यात दाबलं, चाकू सरकला आणि धोतराला चीर गेली. आबाजींनी चाकू खाली ठेवला. बाजेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

आत आजी, म्हणजे भागीरथाबाई, तुरीची डाळ निवडत होती. हळूच मला म्हणाली, "तू थो कागद ठेवून दे बाई. वहीत काहीतरी चित्र काढजो."

मी कागद ठेवून दिला आणि मधल्या खोलीत गेले. तिथे पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा कापूस ठेवला होता, छातीएवढा ढीग. भाव सुधारेल म्हणून मामाने विकला नव्हता. त्यावर चढायची बंदी होती, अंगाला खाज सुटायची, पण मी चढले आणि चांगली लोळले. थोड्या वेळाने दारात आबाजी उभे. मला वाटलं आता रागावणार.

"उतर. लागन अंगाले."

मी उतरले. अंगाला चिकटलेला कापूस काढताना सहज विचारलं, "आबाजी, तुमचा हा सदरा आपल्या कापसाचा आहे का?"

त्यांनी खाली बघून सदऱ्याचं टोक बोटांत धरलं. "हा तं टेरीकॉट हाय."

"मग आपल्या कापसाचा कोणता?"

आबाजी दाराच्या चौकटीला टेकले. मग म्हणाले, "पंचेचाळीस वर्षं झाली पेरून राह्यलो. जिनिंगच्या फाटकातून गाडी आत गेली का मांगं वळतो. पुढं त्याचं काय होते, थो कोणाच्या अंगावर जाते, मले काही माहीत नाई."

"म्हणजे तुम्ही कधीच नाही घातला?"

"नाई बाई. कधीच नाई."

तेवढ्यात मला सुचलं, की त्यांना सुचलं, हे नंतर आम्ही दोघांनी पुष्कळ वेळा भांडून पाहिलं. आबाजींचं म्हणणं, त्यांनीच आधी सांगितलं. माझं म्हणणं, मी. एवढं खरं की दुपारच्या जेवणाला बसलो तेव्हा आमचं ठरलं होतं: आपल्या वावरातल्या कापसाचं कापड करायचं. घरी, हाताने.

मामा जेवता जेवता थांबला. "बाबा, एवढा कापूस पडून हाय, बरा भाव कोणी देत नाई, आन तुमी त्याचा खेळ करता?"

"खेळ नाई. शाळेचं काम हाय तिचं," आबाजी म्हणाले. "टोपलंभर कापसानं तुहं काही कमी होत नाई."

"पण येते का तुमाले सूत काताले?"

इथे आजी पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग सगळं बाहेर आलं. आबाजी शाळेत होते तेव्हा सूतकताईचा तास असायचा. प्रत्येकाने तकलीवर सूत कातून गुरुजींना दाखवायचं. आबाजींचं सूत हमखास तुटायचं. वर्गातला वामन नावाचा मुलगा फार सुरेख कातायचा. आबाजी त्याला रोज चड्डीचे खिसे भरून चिंचा न्यायचे आणि वामन त्यांच्या वाट्याचं सूत कातून द्यायचा. गुरुजींना एक दिवस कळलं आणि दोघेही उन्हात उभे राहिले.

"त्या विषयात मी नापास," आबाजी म्हणाले. "बाकी समद्यात पास."

"वामन आता कुठे आहेत?"

"राळेगावले. सायकलचं दुकान हाय त्याचं."

दुखण्यानंतर आबाजी गावाबाहेर पडले नव्हते. आपला हात चारचौघांना दिसू नये म्हणून लग्नाकार्यालाही गेले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर मागितलं, टोपी घातली, डावा हात उपरण्याखाली घेतला आणि आम्ही दोघं साडेनवाच्या एसटीत चढलो. कंडक्टर ओळखीचा होता. "पुंडलिकराव, लय दिवसानं?" म्हणाला. आबाजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिचं काम हाय."

वामनरावांचं दुकान म्हणजे बाजाराच्या तोंडाशी टिनाच्या छपराखालची जागा. चहूकडे टांगलेले टायर, मध्ये स्टुलावर बसून पंक्चर काढणारे एक बुटके, जाड भिंगांच्या चष्म्याचे म्हातारे. त्यांनी मान वर केली, आबाजींना पाहिलं आणि ट्यूब पाण्याच्या घमेल्यात तशीच सोडून दिली.

"पुंडल्या. मले वाटलं तू मेला."

"मराले टाइम नाई भेटला. हे माह्या मंजुषाची पोरगी, सुरभी. आमाले तकली पायजे."

"तकली?" वामनराव हसत सुटले. "आता कायले पायजे? आन चिंचा कुठं हाय?"

त्यांच्याकडे तकली नव्हती. राळेगावात कुठेच नसेल, म्हणाले. मग थोडा विचार करून त्यांनी भिंतीवरच्या जुन्या चाकातला एक स्पोक काढला. वाकडं टोक तसंच ठेवलं. "हा झाला आकडा, सूत अडकवायले." दुसरं टोक कापून कानसीने घासून टोकदार केलं. डब्यातून एक जाड पितळी वायसर शोधला, त्यात लाकडाची गुल्ली ठोकली, गुल्लीत बारीक भोक पाडून स्पोक घातला. सिमेंटच्या फरशीवर टोक टेकवून बोटांनी फिरवलं. तकली उभी राहिली आणि न डगमगता फिरत राहिली.

आबाजी खाली उकिडवे बसून बघत होते. वामनरावांना त्यांचा उपरण्याखालचा हात तोपर्यंत दिसला होता. काय झालं, कसं झालं, ते त्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाले, "पाह्य पुंडल्या, एका हातानं फिरवावं लागते, एका हातानं वर ओढावं लागते. तुहा आता एकच हात हाय. पोरीचे दोन हाय. तीन हात झाले. तीनात जमते."

तकलीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. पुढच्या खेपेला चिंचा आणा, म्हणाले.

कापूस कोणता घ्यायचा हे ठरवायला आबाजींना एक अख्खा दिवस लागला. घरातल्या ढिगातला त्यांना पसंत पडेना. "हा दाबला. याचा धागा मेला." दुसऱ्या दिवशी सकाळी दव सुकल्यावर काठी घेऊन ते वावराकडे निघाले. आठ महिन्यांनी. मी पिशवी घेऊन मागे. वेचणी करणाऱ्या बायका ओळीत होत्या, त्यातल्या नंदाबाईंनी कंबर सरळ करून हाक दिली, "आबाजी आले वो." आबाजी मात्र झाडांच्या ओळीओळीत शिरून बोंडं बघत होते. नाल्याकडच्या अंगाला झाडं दाट होती. एकेक पूर्ण फुटलेलं बोंड ते मला दाखवायचे. रुई आता त्यांना उजव्या हाताच्या बोटांनीच धरायची होती, म्हणून तिचं दुसरं टोक मी धरायचे. आम्ही दोघं ओढायचो. तुटण्याआधी किती ताणते ते ते डोळे बारीक करून बघायचे. अशी दुपारपर्यंत आम्ही एक पिशवी वेचली.

सरकी काढायचं काम त्यांना पाठ होतं. पाट्यावर कापूस पसरायचा, त्यावरून लोखंडी गोल सळई दाबून फिरवायची, की सरकी टपकन पुढे उडते आणि रुई मागे राहते. एका हाताने जमणारं काम. सरक्या आजी गोळा करून गाईपुढे टाकायची. रुई बोटांनी विंचरून मोकळी कशी करायची ते आजीने दाखवलं. देवाच्या वाती ती तशाच करायची. मोकळी रुई उदबत्तीच्या काडीभोवती गुंडाळून काडी ओढून घेतली की बोटाएवढा पोकळ पेळू तयार. मग खरा प्रश्न आला.

मी करवंटीत तकलीचं टोक टेकवून दोन बोटांनी फिरवायचं, आणि आबाजींनी उजव्या हातात पेळू धरून हळूहळू वर न्यायचा. पहिल्या दिवशी जे निघालं ते सूत नव्हतंच. कुठे सुतळी, कुठे कोळ्याचं जाळं, आणि दर वितीला तुटलेलं.

"जोरात फिरव."

"तुम्ही हळू ओढा ना."

"मी हळूच ओढून राह्यलो. तुही तकली डोलते."

"तुमचा पेळूच जाड आहे."

आजी आतून ओरडायची, "भांडता का कातता?"

चौथ्या दिवशी काय झालं कळलं नाही. मी तकली फिरवली, आबाजींचा हात वर गेला, आणि सूत निघत राहिलं. खांद्याएवढं झालं, टोपीएवढं झालं. आबाजी बाजेवर बसले होते ते उभे राहिले, हात पार डोक्यावर, आणि सूत तुटलं नाही. मी खाली बसून वर बघत होते. त्यांच्या बोटातून माझ्या बोटापर्यंत एक सरळ पांढरी रेघ होती, थोडी थरथरणारी.

"सोडू नको," ते एवढंच म्हणाले.

त्यानंतर आमचा हात बसला. सकाळी दोन तास, संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत. ओसरीवर बघायला माणसं यायची. कोणी उभं राहून जायचं, कोणी बसायचं. त्या वर्षी गावात माणसं एकमेकांकडे बसायला जाईनाशी झाली होती. गेलं की तेच विषय निघायचे, कर्ज, भाव, आणि कोणी जीव दिला. आमच्या ओसरीवर मात्र वाद व्हायचा तो तकली उजवीकडे फिरवावी की डावीकडे. म्हातारी माणसं आपापल्या शाळेच्या गोष्टी सांगायची. निम्मे तरी सूतकताईत नापास निघाले. आबाजींचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा मोठा झाला. एकदा आजीने मला शिवण्याच्या डब्यापाशी बोलावून सांगितलं, "काल राती जेवताना भाकर दोन्ही हातांनं मोडली त्यायनं. त्यायले कळलं नाई. तू बोलू नको." मी बोलले नाही.

विणायला माग कुठून आणणार? इथे कमलाकरमामा पुढे आला. इतके दिवस तो बाजूने जाताना नुसता बघायचा. एका दुपारी शाळकरी पाटीची जुनी लाकडी चौकट घेऊन आला, आतली पाटी केव्हाच फुटलेली. दोन्ही आखूड बाजूंवर त्याने बारीक चुका ठोकल्या, इतक्या जवळ जवळ की हातोडी चुकून दोनदा अंगठा ठेचला. मग स्वतःच बसून चुकांवरून उभं सूत ताणलं. आडवं सूत आजीच्या जाड दाभणात ओवून एक वर, एक खाली. एक ओळ मी, एक ओळ आबाजी. आबाजी दाभण उजव्या हाताने घालायचे आणि चौकट डाव्या कोपराने दाबून धरायचे. मामा दुपारी फवारणीहून आला की हात दोनदा साबणाने धुवून चार ओळी घालून जायचा. आजीने रोज एक ओळ घातली आणि तिची ओळ सगळ्यांत सरळ असायची.

माझी सुट्टी संपायला एक दिवस उरला असताना चौकट भरली. मामाने चुकांवरून सूत उतरवलं. दीड वीत लांब, वीतभर रुंद. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला आवळलेलं. मधे मधे गाठी. रंग दुधाच्या सायीसारखा. आबाजींनी ते तळहातावर घेतलं, उलटं केलं, गालाला लावलं. मग मामाच्या हातात दिलं. मामा ते चिमटीत धरून बराच वेळ बघत होता. "बाबा," तो म्हणाला, "आपला कापूस चांगला हाय."

"मंग," आबाजी म्हणाले. "चांगलाच हाय थो."

शाळेत डिसेंबरात प्रदर्शन होतं. बाईंनी आईला निरोप पाठवला, आजोबांना येता येईल का. येणार नाहीत असं आईला वाटलं होतं. प्रदर्शनाच्या दिवशी आबाजी, आजी आणि वामनराव असे तिघे पहिल्या एसटीने यवतमाळला हजर. वामनरावांनी दुकान बंद ठेवलं होतं. पंचेचाळीस वर्षांत तिसऱ्यांदा, असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलं.

मोत्यांची तोरणं, काड्यांची घरं, सगळं टेबलांवर मांडलं होतं. आबाजींनी टेबल नको म्हटलं. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसले. मी तकली फिरवली, त्यांनी सूत ओढलं. आधी पाच-सहा मुलं होती, मग पन्नास झाली. सगळ्यांना फिरवून बघायचं होतं. आबाजींनी रांग लावली. "येकयेक या. मले येकच हात कामाचा हाय, दुसरा तुमचा लागते," असं ते सरळ सर्वांसमोर म्हणाले. ज्याचं सूत तुटेल त्याला वामनराव म्हणायचे, "शाबास, हा पुंडलिकरावाच्या वर्गातला." एका मुलाने विचारलं, कापूस झाडाला येतो की कारखान्यात होतो. बाकीची मुलं थोडी हसली. आबाजी हसले नाहीत. त्यांनी खिशातून सरकीसकट एक बोंड काढलं, त्या मुलाच्या हातात दिलं आणि पेरणीपासून सांगायला सुरुवात केली. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी बाईंनी कोणाला उठवलं नाही.

दुपारी आम्ही सगळे बसस्टँडजवळ आलुबोंडे खायला बसलो. आईही कचेरीतून अर्ध्या रजेवर आली होती. तर्री झणझणीत होती, आबाजींची बोटं तेलाने माखली. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून आमचं ते दीड वीत कापड काढलं आणि शांतपणे बोटं पुसायला लागले.

"अवो, काय करता?" आजी ओरडली. आई अर्धवट उठलीच.

आबाजींनी आमच्याकडे बघितलं. पहिलं बोट पुसलं, दुसरं पुसलं, मग मिशा पुसल्या. कापड उलटून त्यावर उमटलेला लाल डाग बघितला.

"लय मस्त टिपते," ते म्हणाले आणि आणखी एक आलुबोंडा मागवला.